फरकाची वही

प्रसूतीच्या वॉर्डात शिरलं की डाव्या हाताला, हात धुवायच्या बेसिनच्या वर, एक पांढरा फळा होता. त्यावर एकच आकडा लिहिलेला असायचा. गेल्या महिन्यात घरी गेलेल्या दर शंभर बाळांपैकी किती बाळं निव्वळ आईच्या दुधावर गेली, तो हा आकडा. बाकीच्या वॉर्डांच्या फळ्यांवर लोक हरवलेल्या छत्रीपासून बंद नळापर्यंत काय वाट्टेल ते लिहीत, पण या फळ्याला बोट लावायची कोणाची टाप नव्हती. तो पुसायचा आणि लिहायचा हक्क एकटीचा. तोंडावर तिला सगळे सिस्टर म्हणत आणि पाठ फिरली की शंभरबाई.

ती या वॉर्डात आली तेव्हा आकडा अठ्ठावन्न होता. अकरा वर्षांत तिने तो सत्त्याण्णववर नेला, आणि तो काही नुसता खडू घासून नेला नाही, हेही सांगायलाच हवं. टाके दुखतायत म्हणून रडणाऱ्या बायकांच्या पाठीला उशा लावून, बाळाचं तोंड कसं धरायचं ते दहादा दाखवून, स्वतःची कंबर मोडेस्तोवर वाकून तिने तो आकडा वर चढवला होता. बाई कामाची पक्की. पण जीभ म्हणाल तर कात्री. एखादीच्या उशाखाली दुधाची बाटली सापडली की ती बाटली थेट शंभरबाईच्या टेबलाच्या खालच्या खणात जायची आणि परत यायची नाही. खण आता नीट बंदही होत नसे. आणि रडणाऱ्या बाईला ती एकच वाक्य ऐकवायची, अकरा वर्षं तेच: "दूध सगळ्यांना येतं. न येणारी अजून जन्माला यायचीय."

हे वाक्य वॉर्डात जितक्या जणींनी ऐकलं, त्याहून जास्त वेळा ते तिच्या लेकीने घरी जेवताना ऐकलं होतं. आज कोणी रडगाणं लावलं, कोणी सासूला सांगून डबा आणवला, कोणाला कसं सरळ केलं, हे सगळं ताटावर व्हायचं. लेक लहानपणी हसायची. मोठी झाल्यावर ऐकून घ्यायची.

तर त्या लेकीचं बाळंतपण झालं. त्याच वॉर्डात, त्याच फळ्यासमोर. मुलगी झाली, तीन किलो शंभर ग्रॅम, काळेभोर केस, आवाज खणखणीत. आजीने तिचं नाव लगेच चिंगी ठेवून टाकलं. खरं नाव काय ठेवायचं ते आईबापांनी बघावं. लेकीचं रक्त मात्र बरंच गेलं होतं. दोन दिवस ती भिंतीसारखी पांढरी दिसत होती, उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. इतकं रक्त गेलं की दूध उशिरा येतं, कधी येतही नाही, हे शंभरबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेत लिहून पास झाली होती ती. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या घरात तसं होईल असं मनात येणं वेगळं. तिसऱ्या दिवशी लेक आणि नात दोघी तिच्या घरी आल्या. जावई लांबच्या कारखान्यात फिटर, दोन दिवसांची रजा संपवून तो परत गेला होता. शंभरबाईने मात्र आठ दिवसांची रजा टाकली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. वॉर्डातल्या पोरींनी चेष्टा केली की अठ्ठ्याण्णवावं आता सिस्टरच्या घरातून येणार.

घरी तिने वॉर्डाचेच नियम लावले. पहिला नियम, पाजताना खोलीत कोणी थांबायचं नाही. बघणारं माणूस असलं की आईचं अंग आखडतं आणि पान्हा अडतो. तेव्हा दार बंद, आई आणि बाळ दोघीच. दुसरा नियम वजनाचा. तिने बाळांचा वजनकाटा मागून आणला होता. पाजण्याआधी कोरडा लंगोट बांधून, दुपट्यात गुंडाळून वजन करायचं, मग पाजायचं, मग लंगोट न बदलता पुन्हा वजन करायचं. मधे बाळाने शू केली तरी ती लंगोटातच राहते, म्हणून जो फरक पडतो तो सगळा दुधाचा. तिसरा नियम, दिवसाला सहा लंगोट ओले झाले पाहिजेत; पोटात गेलं तरच खाली येतं. आणि चौथा, पहिले पाच दिवस बाळाचं उघडं वजन करायचं नाही. जन्मल्यावर सगळीच बाळं थोडी उतरतात, आणि काट्यावर तो आकडा बघून आया हातपाय गाळतात. सहाव्या दिवशी काय ते बघायचं.

चारही नियम चांगले होते. कोणत्याही शहाण्या माणसाने मान डोलवावी असे. आणि लेक लहानपणापासून ते ऐकत आली होती, तिला ते तोंडपाठ होते.

काट्याशेजारी एक वही ठेवलेली होती. शंभरबाईने पट्टीने रेघा मारून रकाने पाडले होते: वेळ, फरक, लंगोट. आधीचं वजन आणि नंतरचं वजन ती मनातच वजा करायची आणि फक्त फरक लिहायची; दुपटं दर वेळी वेगळं, म्हणून मूळ आकडे ती लक्षातही ठेवत नसे. तिसऱ्या दिवशी फरक आला वीस, मग पंचवीस. चौथ्या दिवशी सकाळी पंचेचाळीस. दुपारी पन्नास, मग साठ. लंगोट म्हणाल तर पाणी निथळावं असे ओले. शंभरबाईच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तिने वॉर्डात फोन लावून आकडे वाचून दाखवले. लेक पाणीही भरपूर पीत होती. उशाशी ठेवलेला तांब्या दर दोन तासांनी रिकामा व्हायचा, आणि शंभरबाई स्वतःच्या हाताने तो पुन्हा भरून ठेवायची. पाजणाऱ्या बाईने असंच पाणी प्यायला हवं, असं कौतुकाने म्हणायची.

 लेक मान खाली घालून दार लावून घ्यायची.

चिंगी आता रडत नव्हती. पहिल्या दोन दिवसांत वॉर्ड डोक्यावर घेणारी पोर, चौथ्या दिवशी संध्याकाळपासून झोपूनच होती. शेजारीण बघायला आली, म्हणाली, काय गुणाचं बाळ आहे हो, हूं नाही की चूं नाही. शंभरबाई हसली, पण मनात पाल चुकचुकली. गुणाचं बाळ हा शब्द तिला वॉर्डात चालायचा नाही. भुकेलं बाळ आधी रडतं आणि मग रडायची ताकद संपली की गप्प बसतं, त्या गप्प बसण्याला भ्या, असं तिने शेकडो जणींना डोळे वटारून सांगितलं होतं. ती आत जाऊन पाळण्यावर वाकली. बाळाचे ओठ कोरडे वाटले. अंगावर थोडी पिवळी झाक होती, पण ती बऱ्याच बाळांना असते. मग तिने वही उघडली. साठ. पंचावन्न. सत्तर. दिवसाला सात लंगोट. एवढे चांगले आकडे समोर असताना घाबरायचं कशाला? तिने स्वतःलाच झापलं, की आजी झालीस म्हणून लगेच वॉर्डातल्या बायकांसारखी घाबरायला लागलीस. आणि वही मिटून ठेवली.

पाचव्या दिवशी दुपारी लेक दार उघडून बाळाला घेऊन बाहेर आली. काट्यावर ठेवलं. फरक साठ. शंभरबाईने लिहिला. लंगोट ओला झालाय, मी बदलते, असं म्हणत लेक बाळाला उचलायला लागली, तेवढ्यात तिला गरगरलं आणि तिने टेबलाचा कोपरा धरला. शंभरबाईने तिला दटावलं. आधी तोंडावर पाणी मार, मी बदलते, लंगोट बदलायला मला शिकवणार आहेस का तू? लेकीने एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा आईकडे. ती जागची हलेना. शेवटी शंभरबाईने तिला खांद्याला धरून न्हाणीघराकडे वळवलं, तेव्हा ती गेली.

शंभरबाईने गाठ सोडली, लंगोट काढला आणि हातात धरला. ओला होता. चांगला जड, चिंब.

आणि गार होता.

ती तशीच उभी राहिली. पंचवीस वर्षं तिने ओले लंगोट काढले होते. आत्ता झालेला लंगोट ऊन असतो, बाळाच्या अंगाएवढा ऊन. तो हाताला लागला की कळतं. हा नळाच्या पाण्याइतका गार होता. तिने तो नाकाशी नेला. काही नाही. कसलाच वास नाही. मग तिने तो उलगडला. मधोमध, पाण्याने फिसकटलेला, विटेच्या रंगाचा एक डाग होता. त्या डागाचं चित्र वॉर्डाच्या भिंतीवर लावलेलं आहे. ते तिनेच लावलं आहे. बाळाच्या पोटात काही जात नाही, अंगातलं पाणी आटलं आहे, असा त्याचा अर्थ खाली मोठ्या अक्षरांत लिहिला आहे.

 बाळाच्या पोटाची कातडी तिने दोन बोटांत धरून सोडली. ती खाली बसायला हवी होती, पण चिमटा तसाच उभा राहिला, शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. टाळूवर बोट ठेवलं तर टाळू आत गेलेली. तळपायाला टिचकी मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्या टिचकीला चिंगीने तोंड वेडंवाकडं केलं, रडण्यासाठी उघडलं, आणि त्यातून आवाजच आला नाही.  तिने बाळाला तसंच उघडं काट्यावर ठेवलं. चौथा नियम तिनेच मोडला.

दोन किलो पाचशे चाळीस.

तिने ते दोनदा वाचलं. तीन किलो शंभरमधून गेलेले पाचशे साठ ग्रॅम. एवढं उतरलेलं बाळ तिने आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं, आणि त्यातलं एक घरी गेलं नव्हतं.

न्हाणीघराच्या दारात लेक उभी होती. तोंड ओलं, केस ओले. तिने आईच्या हातातला लंगोट पाहिला आणि ती दाराच्या चौकटीला टेकली. शंभरबाईने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. 

"कधीपासून?" तिने विचारलं.

"परवापासून," लेक म्हणाली.

घरात पावडरच्या दुधाचा डबा नव्हता. शंभरबाईच्या घरात तो असणार तरी कसा! कोपऱ्यावरच्या दुकानातून आणता आला असता, पण बाळ इतकं गुंगलेलं होतं की चमच्याने घातलेलं श्वासात जाण्याची भीती. हे तिच्या डोक्यातल्या सिस्टरला कळत होतं; आजी नुसती थरथरत होती. शेवटी सिस्टरनेच आजीला दामटलं. बाळ दुपट्यात, दुपटं छातीशी, पायात मिळेल ती चप्पल. जिना उतरताना लेक भिंत धरत येत होती. रस्त्यावर आलेली पहिलीच टॅक्सी शंभरबाईने आडवी उभी राहून थांबवली. गाडीत बसल्यावर तिला कळलं, की एका हातात बाळ आहे आणि दुसऱ्या हातात ती वही. वही आपण कधी उचलली हे तिला आजही सांगता येणार नाही.

इस्पितळ दहा मिनिटांवर. त्या दिवशी प्रत्येक चौकात गाडी अडली. शंभरबाई बाळाच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होती. मधेच श्वास थांबल्यासारखा वाटायचा, मग बोटांखाली पुन्हा काहीतरी हलायचं. लेक शेजारी बसून सांगत होती. कोणी विचारलं नव्हतं, पण ती सांगत होती. पहिले दोन दिवस चीक आला होता, मग काहीच नाही. अंग दुखलं नाही, भरून आलं नाही. बाळ ओढून ओढून थकायचं आणि झोपायचं. परवा पहिल्यांदा फरक शून्य येणार हे तिला दिसलं. बाहेर आई वही घेऊन बसलेली. तांब्या हाताशीच होता. तिने लंगोटावर थोडंसं पाणी ओतलं, आजच्यापुरतं, उद्या दूध येईलच म्हणून. मग संध्याकाळीही ओतावं लागलं. मग फरक चांगला आला म्हणून आई हसली, फोन केला, आणि आता मागे फिरायची वाटच राहिली नाही. बाळ रडेनासं झालं तेव्हा तिला वाटलं, काहीतरी जात असेल पोटात, म्हणून तर झोपतंय.

"सांगायचं नाहीस का गं?" शंभरबाई म्हणाली. ओरडून नाही. तिच्यात ओरडण्याएवढा जीवच राहिला नव्हता.

"कोणाला?" लेक म्हणाली. "तुला? तुझ्या वॉर्डातल्या बायकांना तू काय काय म्हणतेस ते मला पाठ आहे, आई. बाळाची भीती वाटत होती, पण तुझी जास्त वाटत होती."

 शंभरबाईचा हात बाळाच्या छातीवर होता, आणि ती मोजत होती.

नवजात बाळांच्या विभागात लहान डॉक्टर होता. लहान म्हणजे वयाने. सहा महिन्यांपूर्वी आलेला, शंभरबाईला घाबरून असणारा. त्याने बाळाकडे एकदा पाहिलं आणि त्या क्षणापासून तो कोणाला घाबरेनासा झाला. सुई लागेना, शीर सापडेना, तिसऱ्या वेळेला टाचेतून रक्त मिळालं. रक्तातलं मीठ भयंकर वाढलं होतं. आता घाई करून भसाभस पाणी दिलं तर मेंदूला सूज येते, झटके येतात. आणि हळू दिलं तर मूत्रपिंडं तोवर तग धरतील का हे सांगता येत नाही. तेव्हा थेंब थेंब मोजून द्यायचं आणि बघत बसायचं. झटका आला नाही आणि लघवी झाली, तर वाचलो. हे सगळं त्याने नीट, सावकाश सांगितलं, जसं नातेवाइकांना सांगतात. शंभरबाईला आयुष्यात पहिल्यांदा कोणी नातेवाईक म्हणून सांगत होतं.

मग त्याने विचारलं, की पाजण्याची काही नोंद ठेवली आहे का. तिने वही पुढे केली. तो वाचत गेला. वेळ, फरक, लंगोट. पट्टीने मारलेल्या रेघा, एकही खाडाखोड नाही.

"सिस्टर," तो म्हणाला, "या वहीप्रमाणे हे बाळ अगदी मजेत आहे."

तो टोमणा मारत नव्हता, खरोखर गोंधळला होता. म्हणून तर ते वाक्य तिच्या थोबाडीत बसल्यासारखं बसलं. लेक कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. आता सगळ्यांसमोर आपण उघडे पडणार, अशा नजरेने ती जमिनीकडे बघत होती. शंभरबाईने घसा खाकरला. वहीतले आकडे खोटे आहेत, असं ती म्हणाली. माझ्या धाकाने खोटे झालेत, माझ्या लेकीला काही विचारू नका, काय विचारायचं ते मला विचारा.

नळीतून पावडरचं दूध द्यायचं ठरलं. कागदावर आईची सही हवी होती. डॉक्टरने कागद आणि पेन लेकीच्या हातात दिलं. लेकीने पेन धरलं, आणि सही करायच्या आधी मान वर करून आईकडे पाहिलं. पोर नळ्यांमध्ये पडलेली, जीव टांगणीला लागलेला, आणि ही परवानगी मागतेय! शंभरबाईला भडभडून आलं.

"माझ्याकडे काय बघतेस," ती म्हणाली. "कर सही. लवकर कर."

लेकीला बसवत नव्हतं, तिला तिथेच शेजारच्या खोलीत झोपवलं. तिच्यासाठी चादर आणायला शंभरबाई आपल्या वॉर्डात गेली. वाट पायाखालची होती. दारातून शिरताच फळा दिसला. सत्त्याण्णव. तिने नजर फिरवली. खिडकीजवळच्या खाटेवर एक कोवळी पोरगी बाळाला घेऊन बसली होती. शंभरबाई दिसताच तिने चटकन काहीतरी पांघरुणाखाली सारलं, आणि बाळाला छातीशी धरून हसली. ते हसू शंभरबाईच्या चांगलंच ओळखीचं होतं. रोज दिसायचं तिला ते, प्रत्येक खाटेवर. आजवर तिला वाटायचं, बायका आपल्याला बघून खूश होतात.

पांघरुणाखालचा उंचवटा बाटलीएवढा होता. तिचा हात सवयीने पुढे गेला. पोरीने बाळाला घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले, मार बसणार असल्यासारखे. शंभरबाईने हात मागे घेतला. तिला विचारायचं होतं, बाळ घेतंय का गं? पण तिला कळलं की आपण विचारलं तर उत्तर एकच येईल. अकरा वर्षं तेच आलं होतं. सत्त्याण्णवातली किती बाळं खरंच पीत होती, किती जणी घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून रडल्या, कोणाची चिंगी कुठे गप्प झाली, हे त्या फळ्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. 

तिने धाकट्या सिस्टरला बाजूला घेतलं. सगळ्या खाटांवर पुन्हा विचारून ये, असं सांगितलं. आणि गेल्या महिन्यात घरी गेलेल्या सगळ्यांना फोन लाव.

"तुम्हीच विचारा ना, सिस्टर," धाकटी म्हणाली. "तुमचं ऐकतात त्या."

"म्हणूनच तू विचार," शंभरबाई म्हणाली. "मी समोर असले की त्या खरं सांगणार नाहीत. आणि रागावू नकोस. कोणी काहीही सांगितलं तरी रागावू नकोस."

मग ती चादर घेऊन परत आली.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. ज्यांनी काचेच्या पेटीशेजारी बसून काढली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना कळायचं नाही. झटका आला नाही. एवढंच सकाळी म्हणता येत होतं. पण लघवीही झाली नव्हती. लहान डॉक्टर आठ वाजता आला, साडेनऊला आला, लंगोट बघायचा, कोरडा आहे म्हणायचा आणि जायचा. या विभागात लंगोटाचंही वजन करत. कोरा किती, ओला किती. मधला फरक म्हणजे लघवी. पेटीला अडकवलेल्या कागदावर तो रकाना रिकामा होता. वर रकान्याचं नाव छापलेलं होतं: फरक.

अकराच्या सुमाराला शंभरबाई खुर्चीत बसल्या बसल्या पेंगली होती. लेक पेटीपाशी उभी होती, गोल छिद्रातून हात आत घालून. तिने हाक मारली.

"आई. ओला झालाय."

शंभरबाई ताडकन उठली. आणि तिथेच थांबली. लेकीच्या मागच्या टेबलावर पाण्याची बाटली होती. अर्धी. सकाळी भरलेली होती का? लेकीनेही तिची नजर कुठे गेली ते पाहिलं.  लेकीने लंगोट हळूच काढला आणि दोन्ही हातांवर धरून पुढे केला. 

असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं, की शंभरबाईने लेकीवर विश्वास ठेवला आणि हात न लावताच मान डोलवली. पण तसं झालं नाही. तिने हात लावून बघितलाच. तळव्याने चाचपला, बोटांनी दाबला, नाकाशी नेला. मग तो गालाला लावला आणि तशीच उभी राहिली.

ऊन होता. चिंगीच्या अंगाएवढा ऊन.

"बघितलंस ना?" लेक म्हणाली. "खरा आहे ना?"

 शंभरबाईने मान हलवली. लंगोट काट्यावर ठेवला, कोऱ्याचं वजन वजा केलं. अठरा ग्रॅम. तिने खिशातलं पेन काढलं, कागदाकडे वळली, आणि मग थांबून ते पेन लेकीपुढे धरलं.

"तू लिही," ती म्हणाली. "तू सांगशील तेच मी धरीन."

लेकीने पेन घेतलं. आईचा चेहरा एकदा नीट बघून घेतला, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना बघायची तसा. मग कागदावर वाकून तिने अठरा लिहिले.